ओहोटीपुरता शहाणा

काशिनाथ तांडेल अजून जिवंत आहे, म्हणून हे आत्ताच लिहून टाकतो. मेल्यावर माणसाबद्दल कुणी वाईट बोलत नाही. तो माझ्याआधी गेला तर मलाही चारचौघांत मान खाली घालून 'चांगला होता बिचारा' म्हणावं लागेल, आणि ते माझ्याच्यानं होणार नाही.

समाजाच्या दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, गावातल्या न विसरता येणाऱ्या माणसावर लिहा. त्यांना वाटलं असणार, म्हातारा आपल्या बायकोवर लिहील. जमनावर मी लिहिणार नाही. ती गेली त्याला अजून वर्ष व्हायचंय, आणि मी चौथी शिकलेला माणूस, माझ्या अक्षरात ती मावायची नाही. विसरता येत नाही म्हणाल तर हा काशाच येत नाही. जमना निदान मधून मधून झोपू तरी देते.

काशा माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान. उंच, वाळक्या बोंबलासारखा, डोक्यावर कायम स्वच्छ पांढरी टोपी. होडीवरचा तांडेल, म्हणजे सुकाणूवर बसणारा, त्याची टोपी पांढरी राहतेच कशी, हे गावाला कोडं होतं. त्याची एक सवय सगळ्यांना आवडायची आणि मला कधीच आवडली नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी दुसऱ्यांदा जिलबी घेऊन आला की काशा पानावर हात आडवा धरायचा. "पुरे," म्हणायचा. आग्रह केला तरी हात हलायचा नाही. बायका म्हणायच्या, बघा, मानूस असावा तर असा. त्याच्या शेजारी बसून तिसरी जिलबी खाणारे आम्ही सगळे उगाच खादाड ठरायचो. बिडी अर्धीच ओढायचा, उरलेली कानावर ठेवायचा. दारू प्यायचा, पण ग्लास अर्धा ठेवून उठायचा. नारळी पौर्णिमेला आमच्याकडे नारळाला नारळ आपटून फोडायचा खेळ असतो, ज्याचा फुटला त्यानं तो जिंकणाऱ्याला द्यायचा. काशा नारळ कानाशी वाजवून असा निवडायचा की त्याचा फुटायचाच नाही. पण घरच्या करंज्यांपुरतं खोबरं झालं की आपला जिंकता नारळ कुणाच्याही हातात देऊन घरी जायचा. "पुरे. करंज्या खानारी तोंडं किती हायत घरात?"

अशा माणसाचा गावात दबदबा वाढतो. वाढला.

आता पत्त्यांचं सांगतो. आमची खाडी ओहोटीला कोरडी पडते. होड्या चिखलात कलंडून पडतात आणि पाणी चढेपर्यंत कुठेच जाता येत नाही. बर्फ भरून झाला, जाळी चढवून झाली, की माणसं करणार काय? जाळ्यांच्या शेडीत रमी बसायची. पैशाची. हे मी लपवत नाही, आमच्या आज्यापासून चालत आलंय. आणि नियम एकच. भरतीचं पाणी होडीच्या बुडाला लागलं की काशा ओरडायचा, "पानी लागला! पत्ते टाका!" ज्याच्या हातात काय असेल ते असो, खाली टाकायचं. डाव मोडला. ज्याचं गेलं ते गेलं, ज्याचं आलं ते आलं, आणि सगळे चिखल तुडवत होडीकडे. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असल्या की शेडीत पत्त्याला कुणी हात लावायचा नाही. होडी पाण्यात नाही तर पत्ते पण नाहीत.

एकदा बोईसरच्या कारखान्यांना माणसं पुरवणारा एक ठेकेदार मासळी घ्यायला आला आणि डावात बसला. हरत गेला. हरला तसा तापत गेला. तेवढ्यात काशानं पाणी लागल्याची हाळी दिली. काशाच्या स्वतःच्या हातात रमी लागलेली होती, फक्त दाखवायची बाकी होती, मी त्याच्या शेजारीच होतो, मी बघितलंय. त्यानं ते पत्ते तसेच उलटे खाली टाकले.

ठेकेदार म्हणाला, "अरे तांडेल, एक बाजी और! मैं डबल लगाता हूँ।"

काशा म्हणाला, "सेठ, पानी किसी का नौकर नहीं। उठो, नहीं तो चप्पल बह जाएगी।"

ठेकेदाराची एक चप्पल खरंच वाहून गेली. हा किस्सा गावानं कितीतरी वर्षं सांगितला. सगळ्यात जास्त सांगितला माझ्या जमनानं. जिंकता पत्ता टाकणारा माणूस तिनं दुसरा बघितला नव्हता. मीही नाही, हे कबूल करतो. पण तेव्हा एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. तो नियम काशाचा नव्हता, खाडीचा होता. पाणी चढणारच होतं, काशानं हाळी दिली नसती तरी. तो फक्त ओरडायचा. कोंबडा ओरडतो म्हणून कुणी त्याला उजाडल्याचं श्रेय देतं का? आम्ही दिलं.

आणि दुसरी एक गोष्ट. आमच्याकडे मासळी आणतो पुरुष, विकते बाई. पैसा येतो तो बाईच्या हातात, कमरेच्या बटव्यात. तो बटवा नवऱ्यासमोरही उघडत नाहीत. शेडीत पत्ते खेळायला आम्हाला मिळायचं ते बायकांनी सकाळी हातावर टेकवलेलं. तेवढ्यात काय तो राजेपणा. म्हणजे एकीकडून पाणी, दुसरीकडून बायका, दोन्हीकडून बांध घातलेला, आणि मध्ये बसून आम्ही म्हणायचो, आमचा काशा बघा कसा आवरून खेळतो!

मग काशाचे गुडघे गेले. होडीवर चढता येईना. सुकाणू जावयाकडे दिलं आणि हा दिवसभर ओट्यावर. त्याच सुमाराला बोईसरच्या बाजारात, जिथं आमच्या बायका ओळीनं मासळी घेऊन बसतात, गिऱ्हाईक बदललं. कारखान्यातली पोरं, तारापूरच्या वसाहतीतल्या बाया, सगळ्यांच्या हातात फोन. "मौसी, स्कॅनर है क्या?" नाही म्हटलं की शेजारणीकडे जायची. आमच्या ओळीतल्या बायकांकडे साधे बटणाचे फोन. पोरांच्या फोनवर पैसे घ्यावेत तर पोरं संध्याकाळपर्यंत त्याची बिअर करणार. तेव्हा जमनानं तोडगा काढला.

ती म्हणाली, "काशीभाऊंचा स्कॅनर लावू. त्यांच्याकडे मोठा फोन हाय, बँकेत खाता हाय."

सोमी, तिची बाजारातली शेजारीण, म्हणाली, "दुसऱ्याच्या नवऱ्याच्या फोनात आपला पैसा?"

"जो मानूस पानी लागल्यावर जिंकता पत्ता टाकतो, त्याच्या हातात मी डोले मिटून पैसा देईन."

एवढं बोलली आणि पहिला स्टिकर तिनंच आपल्या टोपलीला चिकटवला. मग सोमीनं, मग ओळीतल्या सगळ्यांनी. जमनाचा शब्द बाजारात चालायचा. बर्फावरून भांडण झालं तर तिला विचारायचे, जागेवरून झालं तर तिला विचारायचे. तिच्याशी भांडायचेही तेवढेच, पण शब्द तिचाच.

सुरुवातीला काशानं चोख केलं, मला खोटं लिहायचं नाही. संध्याकाळी बायका रिक्षातून उतरल्या की हा ओट्यावर तयार. जिचं तिला रोख. चहा विचारला तर पानावर धरायचा तसाच हात आडवा. "पुरे."

आणि एक दिवस रिक्षाच्या नाक्यावर मी त्याला बघितलं, मान खाली घालून फोनात.

म्हटलं, "काय बगतोस रे?"

"रमी हाय, दादा. आपलीच रमी. पिसायला लागत नाय एवढाच."

"पैशाची?"

"थोडीशी. आनि हे बगा, हिकडे हद्द घालता येते. आजच्या दिवसाला एवढाच, वर नाय. मंग फोनच सांगतो, बस झाला. लिवला पन हाय, जबाबदारीनं खेला. साहेबासारखा बोलतो फोन."

"हद्द घालतो कोन?"

"मीच."

"आनि काढतो कोन?"

तो हसला. म्हणाला, "दादा, तुमी मला वलखत नाय काय?"

आता मला सांगा, ही कसली हद्द? ज्यानं घातली त्यानंच काढायची! खाडीला कुणी सांगू शकतं का, की आजचा दिवस जरा दोन तास उशिरा चढ, माझा डाव अडलाय? फोनवाले हे विकतात. आधी चोवीस तास पत्ते पिसून देतात आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात शहाणपण लिहितात. विषाच्या बाटलीवर 'बेतानं प्या' लिहून दुकानात मांडलं तर त्या दुकानदाराला आपण काय करू? आता म्हणतात सरकारनं असले पैशाचे खेळ बंद केले. बरं केलं. आमच्या घराला उशीर झाला. आणि नवीन नाव घेऊन कुठून तरी येतातच, असं नाक्यावरची पोरं बोलतात, त्यांना बरोबर ठाऊक असतं.

काशानं हद्द घातली, हे मी मानतो. ज्यानं आयुष्यभर पुरे म्हटलं त्याला आपलं पुरे आपल्या पोटातून येतं असं वाटत होतं. ते पोटातून कधीच येत नव्हतं. पंगतीत शंभर डोळे बघत होते म्हणून हात आडवा पडायचा. शेडीत पाणी होतं. नारळाला पौर्णिमा वर्षातून एकदाच. फोनात कोण होतं? तो आणि त्याची हद्द.

मग पावसाळा लागला. होड्या वर ओढल्या. बायका बाजारात सुकी मासळी घेऊन बसायला लागल्या, बोंबील, जवळा, वर्षभर वाळवून डब्यात दाबून ठेवलेली. आमच्या घरांना पावसाळ्यात तोच आधार. ते पैसे काशाच्या फोनात. एका संध्याकाळी बायका आल्या आणि ओट्यावर काशा नाही. हिरा, त्याची बायको, म्हणाली, "झोपलेत." दुसऱ्या दिवशी काशा म्हणाला, "सरवर डाऊन हाय. उद्या." सोमीला वाटलं सरवर म्हणजे बँकेतला कुणी साहेब. तीनचार दिवसांनी तिनं विचारलंसुद्धा, "बरा झाला का तुमचा साहेब?" बायका हसल्या. जमना पण हसली. काशावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातच येत नव्हतं.

गणपती तोंडावर आले आणि सगळ्याजणींना पैसे लागायला लागले. सरवर काही उठेना. तेव्हा सगळ्या मिळून त्याच्या अंगणात गेल्या. जमना पुढे, कारण शब्द तिचा. मी कुंपणाशी उभा.

काशा ओट्यावर भिंतीला टेकून बसलेला. खिडकीतून चार्जरची वायर बाहेर आलेली, तिला फोन, आणि फोनाला काशा, नांगर टाकून उभ्या केलेल्या होडीसारखा. टोपी डोक्यावर नव्हती. मी त्याचं टक्कल पहिल्यांदा तेव्हा बघितलं.

हिरा दारात रडत होती. म्हणाली, "काय नाय राहिला, बायांनो. माजे कानातले पन गेले. मला आज समजला."

सोमी ओरडली, "काशी! माज्या पोरीचं बालंतपन हाय रे!"

काशानं मान वर केली नाही. बोटं काचेवर चालूच. म्हणाला, "सोमी, थांब. एक डाव. सगला काढतो बाहेर. सगल्यांचा काढतो." मग जमनाकडे हात पुढे केला. "वैनी, तुमचा पोरगा कुठे हाय? त्याचा फोन द्याला सांगा. माज्या नंबरावरून आता पैसे भरू देत नाय खेलवाले. फकत आजच्यापुरता."

पाऊस थांबलेला, पागोळ्या गळत होत्या. जमना ओट्याच्या पायरीपर्यंत गेली. मला वाटलं आता ती त्याच्या थोबाडीत मारते. मारायला हवी होती. तिनं त्याच्याकडे वाकून हळूच म्हटलं, जसं लहान पोराला उठवतात तसं,

"काशीभाऊ, पानी लागला. टाका."

आणि तो म्हणाला, "अजून नाय, वैनी."

बघितलं नाही तिच्याकडे. फोनात दिवा लागला, कसलंसं गाणं वाजलं, याची बोटं पुढे गेली.

जमना सरळ झाली आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी सोनाराकडे जाऊन बांगड्या मोडल्या आणि ओळीतल्या बायकांची देणी भागवली. मी म्हटलं, चोरी त्यानं केली, तू का भरतेस? म्हणाली, "स्टिकर मी लावला." मग गणपती झाले, होड्या पाण्यात गेल्या, आणि ती बाजारात जाऊन बसली. आठवडाभर गेली असेल. एक दिवस टोपली घेऊन अर्ध्या वाटेतून परत आली.

"कोन काय बोलला?" मी विचारलं.

"कोन काय बोलत नाय," ती म्हणाली. "तेच तर. सोमी बरफ मागून घेत नाय, भांडत नाय, जागा सरकवत नाय. सगल्या माज्याशी गोड बोलतात."

परत गेली नाही. दाराशी बसून राहायची. जी बाई बोईसरच्या सगळ्या बाजाराला दमात घ्यायची, ती शेजारणीनं हाक मारली तरी दचकायची. साखर होतीच तिला. पायाला जखम झाली ती भरली नाही. डॉक्टर म्हणतो साखरेनं गेली. डॉक्टरनं काशाला बघितलेलं नाही.

तिला न्यायच्या दिवशी तो आला होता. मधले महिने दातिवऱ्याला बहिणीकडे तोंड लपवून राहिला होता. हिरानं त्याचा फोन कोयत्यानं फोडला होता म्हणे. गर्दीच्या मागे उभा, परत पांढरी टोपी. खांदा द्यायला पुढे आला तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हटलं, "ह्याला लाकडाला हात लावू देऊ नका." लोकांना ते जास्त वाटलं. मला कमी वाटलं.

त्यानंतर मी त्याच्याकडे बघितलं नाही. तो दिसला की वाट बदलायची, एवढ्या लहान गावात हे काम सोपं नाही, पण मी केलं.

मागच्या महिन्यात सून म्हणाली, "बाबा, आईंच्या जागेवर मी बसते." बाजारात जागा बाईच्या नावानं चालते, सासूची सुनेला. पण इतके महिने रिकामी राहिलेली जागा कोण ठेवतो? मी म्हटलं, चल, बघून तरी येऊ. भांडायच्या तयारीनंच गेलो. मसालेवाला असेल, कपडेवाला असेल, त्याचा माल उचलून फेकायचा, असं ठरवून.

जागेवर काशा बसलेला.

पुढे टोपली नाही, मासळी नाही, काहीच नाही. ओल्या फरशीवर मांडी घालून, हात गुडघ्यावर. फरशी धुतलेली. दोन्ही बाजूला बायकांची ओरड, गिऱ्हाईकं त्याला ओलांडून चाललेली. पलीकडे हिरा पापलेट विकत होती, आणि पैसा आला की त्याच्याकडे पाठ करून बटव्यात टाकत होती.

सोमीनं मला बाजूला घेतलं. "जमना गेली तवापासून येतो, दादा. हिराबरोबर येतो, जागा धुतो आनि बसतो. कांदेवाला आला हुता पसरायला. त्याला म्हनाला, मानूस येनार हाय."

सोमीला वाटलं माझ्या काळजाला पाझर फुटेल. माझ्या अंगाची आग झाली. ही जागा जमनानं सोडली ती कुणामुळे? आणि त्याच जागेवर हा येऊन साधू झालाय! इथंही गाव म्हणणार, बघा काशा कसा, मानूस असावा तर असा.

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यानं वर बघितलं. डोळ्यांत पाणी-बिणी काही नव्हतं. नुसता म्हातारा झाला होता. त्याला शिव्या द्यायला मी कितीतरी दिवस शब्द जमवून ठेवले होते. ऐनवेळी तोंडातून आलं ते असं:

"काशा, पानी लागला. ऊठ."

त्या दिवशी अष्टमी होती, आणि भर दुपार. अष्टमीला दुपारी आमच्या खाडीत बेडूक भिजण्याइतकंही पाणी नसतं. मी येताना बघून आलो होतो, होड्या चिखलात आडव्या पडल्या होत्या. आणि तिथी बोटाच्या पेरांवर मोजून भरतीची वेळ सांगायची, हे अर्ध्या गावाला काशानंच शिकवलेलं.

त्यानं सवयीनं खाडीच्या दिशेला मान वळवली. तिकडे बर्फाच्या गोदामाची भिंत होती. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला, एकदा, आणि थांबला. माझ्याकडे बघितलं.

"लागला, दादा," म्हणाला.

फरशीवर हात टेकून, गुडघे सावरत उठला आणि बाजूला झाला. सुनेनं टोपली खाली ठेवली.